अळणी नवस

माझ्या डॉक्टरांनी मला मीठ कमी करायला सांगितलं त्याला बरीच वर्षं झाली आणि मी ते आजतागायत मनापासून केलेलं नाही. ब्लड प्रेशरची गोळी घ्यायची आणि वर लिंबाच्या लोणच्याची फोड चाखायची, असा माझा कारभार. आमच्या घरात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! कारण दुसऱ्यांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात, पथ्य सांभाळावं, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. तरी मिठाचा जो धाक आता माझ्या मनात आहे, तो डॉक्टरांनी घातलेला नाही. तो गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढच्या एका गावातल्या बाईमुळे बसला.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. मनाचा आजार असलेली जी माणसं जेलमधून सुटतात, त्यांचा उपचार बाहेर आल्यावर तुटू नये, हे पाहायचं. आत असताना गोळी हातावर ठेवतात आणि समोर उभं राहून गिळायला लावतात. बाहेर आलं की माणसाला वाटतं, गजाआडचं सगळं गजाआडच राहू द्यावं, गोळीसकट. मग मी त्यांच्या गावी जाते, घरच्यांना समजावते, महिन्याला गोंदियाला तपासणीला आणवते, आणि कोणी ऐकलं नाही तर भांडते. भांडण मला बरं जमतं.

या बाईचा मुलगा तिशीतला. राइस मिलमध्ये पोती उचलायचा. स्वभावानं इतका मवाळ की हिशेबात कोणी फसवलं तरी हसून घरी यायचा. एका हिवाळ्यात त्याची झोप उडाली. बोलणं वाढलं, डोळ्यांत वेगळीच चमक आली. आपणच मिलचे मालक झालो आहोत आणि जिल्ह्यातल्या सगळ्या उपाशी लोकांचा भार आपल्यावर आहे, असं त्याला मनोमन पटलं. त्यानं भरदिवसा गोदामाचं कुलूप तोडलं आणि रस्त्यावर उभं राहून तांदूळ वाटायला सुरुवात केली. लोकांनी पिशव्या आणल्या, पदर पसरले. अडवायला आलेल्या म्हाताऱ्या चौकीदाराला त्यानं ढकललं, चौकीदार पायरीवर पडला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. तांदूळ नेणारे सगळे घरी गेले, हा जेलमध्ये गेला.

तिथं गेल्यावर तो सहा आठवडे गप्प झाला, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी आजार ओळखला. बायपोलर. कधी मन इतकं वर चढतं की माणसाला स्वतःची उंची कळत नाही, कधी इतकं खाली उतरतं की उठून तोंड धुणं जड जातं. त्याला लिथियम सुरू झालं आणि तो हळूहळू पुन्हा स्वतःसारखा झाला. लिथियम हे दगडातून निघणारं एक प्रकारचं मीठच आहे. दगडातल्या मिठानं माणसाचं मन ठिकाणावर येतं, याचं मला या नोकरीच्या पहिल्या दिवशी नवल वाटलं होतं आणि ते अजून ओसरलेलं नाही.

उन्हाळा लागताना तो जामिनावर सुटला. अटी दोनच होत्या, दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि पुन्हा कुठलाही दंगा नाही. दंगा झाला तर जामीन रद्द.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा भर दुपार होती. बाई अंगणात झाडू मारत होती. काटकुळी, उंच, कपाळावर मोठं गोंदण. नवरा केव्हाच गेलेला, थोडं धान ठेक्यानं करायची आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. तिनं मला खाटेवर बसवलं आणि कैरीचं पन्हं केलं. मी माझ्या नेहमीच्या सोंगानुसार म्हटलं, "माय, मीठ जरा कमीच घाला, मला चालत नाही." आणि तिच्या हातातली वाटी घ्यायला गेले तर माझ्याच धक्क्यानं मीठ शेणानं सारवलेल्या जमिनीवर सांडलं.

बाईच्या कपाळाला आठी पडली. "सांभाळून ना बाई. मीठ सांडलं तं वर गेल्यावर पापन्यांनी वेचा लागते."

"मग माझा वर बराच वेळ जाणार," मी म्हटलं. ती हसली नाही. खाली वाकून तिनं बोटानं जमेल तेवढं मीठ टिपून घेतलं.

मुलाला तिनं वेगळ्या लोट्यातून पन्हं दिलं. हे मी पाहिलं होतं. पण मी कमी मिठाचं मागितलं म्हणून वेगळा लोटा असेल, एवढंच मनात आलं. मग मी माझं पढवलेलं भाषण केलं. गोळी चुकवायची नाही, दारूला शिवायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, जेवणखाण नेहमीसारखं, मीठ-मिरची नेहमीसारखी, मनानं काही कमी-जास्त करायचं नाही. बाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मुलगा जमिनीकडे पाहत होता.

एका मंगळवारी सकाळी ठाण्यातल्या हवालदारांचा फोन आला. माणूस भला होता, वर काही कळवण्याआधी त्यांनी मला कळवलं. "मॅडम, आपका पेशंट काल हजेरीले आला तं झोकांड्या खाऊन राहिला होता. जीभ लटपट करे. मोहाची पिऊन आला असन. यावेळी सोडलं, पुढच्या खेपेले माझ्या हातात नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सांगून, एवढं समजावून! मिळाली ती गाडी पकडून मी निघाले आणि वाटभर त्याला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही.

तो मोहाच्या सावलीत खाटेवर पडला होता. हात थरथरत होते, आणि ही थरथर नेहमीची नव्हती. लिथियम घेणाऱ्याची बोटं थोडी कापतात, ते मला माहीत आहे. हे कोपरापासून उडत होते. त्याला उलट्या होत होत्या, पोट बिघडलेलं होतं. मी तोंडाजवळ नाक नेलं, दारूचा वास नव्हता. गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या, एकही जास्त घेतली नव्हती, एकही चुकली नव्हती. त्यानं मला ओळखलं आणि काही बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द तोंडातच विरघळले. मला इतकं कळलं की गोळीच अंगात साचते आहे आणि हे जिवावरचं आहे. का साचते आहे, ते काही केल्या कळेना.

अॅम्ब्युलन्सला फोन केला. रस्त्यात आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, ब्लड प्रेशरची गोळी मात्र होती, आणि उन्हानं मला गरगरायला लागलं. बाईनं ते पाहिलं. मुलगा असा पडलेला असताना तिनं माझ्यापुढे ताटली ठेवली. "गाडी येईस्तोवर दोन घास खा बाई. तुमी पडल्या तं त्याले कोन नेईन?"

भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण होतं. मी सवयीनं म्हटलं, "मीठ कमी..."

"मंग याच्यातलं घ्या," ती म्हणाली, आणि चुलीच्या कडेला वेगळ्या गंजात ठेवलेलं वरण तिनं माझ्या भातावर ओतलं. "हे त्याचं आहे. त्यानं खाल्लंच नाही."

मी घास तोंडात घातला. कमी मीठ म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, मी त्याच्यापासून आयुष्यभर पळते आहे. पण या वरणात मीठ कमी नव्हतं. मीठ नव्हतंच. घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

"माय, ह्याला किती दिवस अळणी जेवायला देताय?"

ती मिठाची गुळणी धरून बसली. मी पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं. तेव्हा खाटेवरून तोच म्हणाला, तुटक तुटक, "मायनं... नवस."

आणि मग बाई बोलली. गोंदियाच्या कोर्टात दर तारखेला ती जायची आणि परतताना जवळच्या नागऱ्याच्या महादेवाला जाऊन यायची. एका तारखेला तिनं तिथं मनात बोललं होतं, माझा लेक घरी येऊ दे, नवं धान घरात येईस्तोवर तो मीठ तोंडाला लावणार नाही. नवस कोणाला सांगायचा नसतो, सांगितला तर फळत नाही, म्हणून तिनं मला सांगितला नव्हता. गोळी डॉक्टरची आणि मीठ देवाचं, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? सुरुवातीला ती उपासाला चालतं तसं चिमूटभर शेंदेलोण त्याच्या भाजीत घालायची. मग तेंदूपत्ता सुरू झाला, तो तिच्याबरोबर रानात घाम गाळायला लागला आणि त्याचे हात कापायला लागले. तिला वाटलं, आपण देवाशी लबाडी केली, शेंदेलोणाची पळवाट काढली, म्हणून देव रुसला. तिनं शेंदेलोणही बंद केलं. हात जास्त कापायला लागले, तसं तिनं पापडही बंद केले आणि लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली.

ऐकता ऐकता मला उलगडा झाला. शरीराला जेवणातलं मीठ मिळेनासं झालं की ते लिथियमलाच मीठ समजून धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. म्हणजे ही माउली जितकी निष्ठेनं नवस पाळत होती, तितकं तिच्या लेकराच्या अंगात विष चढत होतं. आणि विष चढलेलं पाहून ती आणखी निष्ठेनं पाळत होती.

"आणि तुला तर जेलमध्ये सांगितलं होतं ना मिठाचं?" मी त्याला विचारलं.

त्यानं डोळे मिटले. "माझ्यापायी... मायनं कोर्टाच्या... पायऱ्या झिजवल्या. नाही... कसा म्हनू?"

एवढ्यात गाडी आली. आधी जवळच्या दवाखान्यात सलाइन लागलं, मग गोंदियाला. सलाइन म्हणजे तरी काय, मिठाचं पाणी. बाटलीतून थेंब थेंब मीठ त्याच्या अंगात जात होतं आणि बाई त्या बाटलीकडे अशी पाहत होती, जणू तिचा नवस तिच्या डोळ्यांदेखत कोणी मोडत होतं. पण ती उठून बाटली काढायला गेली नाही. पदराचा बोळा तोंडात धरून ती बसून राहिली.

तो वाचला. बोलणं पहिल्यासारखं झालं, हातांचं उडणं थांबलं. डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा शांत. त्यांनी बाईला समोर बसवून सांगितलं, याला हीच गोळी लागू पडते, ती कमी करून पुन्हा सुरू करू. पण घरी रोज नेहमीसारखं मीठ खाणार असेल तरच. नाहीतर मी देणार नाही, कारण पुढच्या वेळी हा वाचेल याची खात्री नाही.

"मंग गोळी देऊ नका," बाई म्हणाली.

मी खुर्चीतून उठलेच. "गोळी नाही म्हणजे काय होईल ठाऊक आहे ना? पुन्हा कुलूप तुटेल. पुन्हा कोणीतरी पायरीवर पडेल. मग कायमचा आत!"

"अन् नवस मोडला तं देव त्याले आत नाही पाठवनार?" तिनं मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. "तुमी सांगा बाई. वकिलानं सोडवला नाही, वकील तं तारखेले यायचाच नाही. देवानं सोडवला. आता त्याचंच मोडू?"

देव असं करत नाही, असं मी म्हणू शकले असते, पण देवाच्या वतीनं बोलायचा अधिकार मला कोणी दिला होता? डॉक्टर खिडकीबाहेर पाहायला लागले. तिला दोन्हीकडे जेलच दिसत होतं आणि तिच्या जागेवरून पाहिलं तर मलाही तसंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर लुगडं नीट करून दारात उभी. "नागऱ्याले जायचं आहे. येता का?"

आम्ही ऑटोनं गेलो. देवळात फार गर्दी नव्हती. एक बाई हिंदीत कोणाच्या तरी परीक्षेसाठी काही मागत होती, दोन म्हातारे खांबाला टेकून बसले होते. ही सरळ पिंडीसमोर गेली. मला वाटलं, आता हात जोडून पुटपुटेल, माफी मागेल, आणखी कुठलं तरी व्रत कबूल करेल. ती मोठ्यानं बोलायला लागली. इतक्या मोठ्यानं की हिंदी बोलणारी बाई दचकून बाजूला झाली.

"देवा, आयक. नवस मी बोलली. माझ्या तोंडानं बोलली. मंग त्याच्या तोंडाले काऊन बांधला? माझी चुकी. तो तं बिमार आहे, त्याले तूच बिमार केलं. आता सगळ्यायसमोर सांगतो, लपून नाही. आजपासून तो मीठ खाईन. नवं धान येईस्तोवर मी अळणी खाईन. फेडायचं ते माझ्यापासून फेडून घे. त्याच्या अंगाले हात लावू नको."

ती देवाला विचारत नव्हती. ती त्याला सांगत होती. नवस बोलून दाखवायचा नसतो हे जिनं जिवापलीकडे पाळलं होतं, तिनंच तो भर देवळात बोलून दाखवला, साक्षीदार ठेवून, म्हणजे देवालाही नंतर नाही म्हणता येऊ नये. मी देवभोळी नाही, पण त्या क्षणी माझे हात आपोआप जोडले गेले. पिंडीला की तिला, ते मला सांगता येणार नाही. आयुष्यात मी मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत. एवढा दरारा मी कुठल्याच आवाजात ऐकला नाही.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "भूक लागली." बस एवढंच.

त्यानंतरचे महिने मी त्या घरी जात राहिले. गोळी पुन्हा सुरू झाली, वेळच्या वेळी रक्त तपासलं जात होतं. हवालदारांना मी जाऊन सगळं समजावलं, तेही मनावरचा दगड उतरल्यासारखे हसले. पाऊस आला, रोवणी आली. बाई दिवसभर चिखलात वाकून रोप लावायची आणि अळणी भात खायची. तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, तोंडाची चव गेली होती, गाल आत गेले. मी रागावले, डॉक्टरांची भीती घातली. तिच्याही जिवाला हे बरं नाही, हे तिला दहा वेळा सांगितलं.

"मी काय तुमची गोळी खातो?" तिनं मला गप्प केलं. "तुमचा पेशंट तो. माझ्यात कायले पडता?"

आणि तो? मी इतक्या लोकांना गोळ्या घेताना पाहिलं आहे. तोंड वाकडं करून, लपवून, थुंकून, शिव्या देऊन. त्याच्यासारखी गोळी घेताना मी कोणाला पाहिलं नाही. संध्याकाळी दोघं जेवायला समोरासमोर बसत. त्याच्या ताटलीत मीठ वाढलेलं असे, तिच्या ताटलीत ती जागा रिकामी. तो आधी त्या रिकाम्या जागेकडे पाही, मग गोळी जिभेवर ठेवी आणि पाणी पिई. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत?

"येते ना," तो म्हणाला. "कधी वाटते, आता बरा तं आहो, फेकून द्यावी. पन मी गोळी चुकवली तं मायचं अळणी वाया जाईन."

मी ज्या कामासाठी पगार घेते ते त्या दोन ताटल्यांनी करून टाकलं होतं. मी नुसती बघत राहिले आणि मला त्याचा आनंदच झाला.

दसरा झाला, लवकर पिकणारं हलकं धान कापणीला आलं. नव्या भाताच्या दिवशी मला निरोप आला. मी गेले तेव्हा घर सारवलेलं होतं आणि नव्या तांदळाचा वास अंगणापर्यंत आला होता. देवाला नैवेद्य झाला. बाई भिंतीला टेकून बसली, पहिल्यांदाच स्वतः न वाढता. मुलानं तिच्यापुढे ताटली ठेवली, भात वाढला, वरण वाढलं आणि मग मिठाच्या वाटीतून चिमूट उचलली.

त्याची बोटं कापत होती. ती थोडीशी थरथर गोळीनं कायमची ठेवली आहे, तिला इलाज नाही, आणि त्या दिवशी तर ती जास्तच होती. चिमूट ताटलीपर्यंत पोचता पोचता निम्मं मीठ सारवलेल्या जमिनीवर सांडलं.

तो थिजला. मीही. एवढ्या महिन्यांनंतर, आजच्याच दिवशी.

बाईनं सांडलेल्या मिठाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. तो हात तिनं मनगटाशी धरला.

"सांडू दे," ती म्हणाली. "वर गेल्यावर वेचीन मी पापन्यांनी. टाक अजून."

त्यानं पुन्हा चिमूट घेतली आणि टाकली. तिनं भात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"लय खारट केलं रे पोरा," ती म्हणाली, आणि ताटलीत एक शीत उरू दिलं नाही.